दोन पिंपे आणि एक समुद्र

अंबडला मत्स्योदरीचे देऊळ ज्या टेकडीवर आहे तिचा आकार माशासारखा आहे, म्हणून देवीचे नाव मत्स्योदरी. जालना जिल्ह्यात समुद्राशी नाते सांगणाऱ्या गोष्टी शोधू गेल्यास हात इथेच थांबतो, आणि हा मासा तरी खाऱ्या पाण्यातलाच कशावरून? मुंबईचा किनारा इथून सुमारे चारशे किलोमीटर दूर. अशा गावात आमच्या थोरल्या बंधूंनी २०११ साली दिवाणखान्यात दोनशे लिटरचा समुद्र मांडला. त्यात दोन नारिंगी-पांढरे क्लाऊनफिश होते, काही दगड होते आणि पांढरी वाळू होती. आलेगेले ते पाहून हरखत. पण आमचे लक्ष वेधून घेतले ते मागल्या अंगणातल्या दोन निळ्या पिंपांनी. एकावर खडूने ‘गोडे’ लिहिले होते, दुसऱ्यावर ‘खारे’. काचेपलीकडचा देखावा या दोन पिंपांवर उभा होता, आणि प्रस्तुत लेखही त्यांच्याविषयीच आहे.

शब्दापासून सुरुवात करणे ही आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांची जुनी खोड. मराठीत आपण ‘मत्स्यालय’ म्हणतो. शब्द सुबक आहे, पण त्यात मासा आहे, घर आहे, पाणी मात्र नाही. ‘ॲक्वेरियम’मध्ये उलट नुसते पाणीच आहे. मूळ लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा, म्हणजे आपला पाणवठा. काचेच्या पेटीतल्या जिवंत पाण्यासाठी तो रूढ केला फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने, १८५४ सालच्या आपल्या ग्रंथातून. मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला पाणवठा हा अर्थ अधिक खरा वाटेल. ही सारी हौस मुळात पाणी आणणे, साठवणे, ढवळणे आणि बदलणे यांची आहे. मासे त्या खटाटोपाचे निमित्त.

गॉस हे नाव आमच्या वाचकांना बहुधा दुसऱ्या वाटेने ठाऊक असेल. त्यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांचे ‘फादर अँड सन’ (१९०७) हे आत्मकथन इंग्रजीच्या वर्गांतून अजून वाचले जाते. धर्मनिष्ठ, कठोर, एकाकी बाप आणि त्याच्या छायेतून निसटू पाहणारा मुलगा, अशीच त्याची चर्चा होते. आम्हीही वर्षानुवर्षे तशीच केली. त्या पुस्तकातला बाप डेव्हनच्या किनाऱ्यावर छातीइतक्या पाण्यात उभा राहून खडकांच्या कपारी धुंडाळतो, हे आम्ही वाचले होते. पण तिथून उचललेले जीव घरी नेल्यावर कोणत्या पाण्यात ठेवत असतील, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. तो पडला जालन्याच्या अंगणात.

गॉसच्या आधीची एक हकिकत सांगायला हवी. ॲना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर तिला जिवंत प्रवाळ सापडले आणि ते दगडी बरणीत घालून तिने लंडनला आणले. समुद्राचे पाणी लंडनमध्ये हवे तेव्हा मिळण्यासारखे नव्हते. मग असलेलेच पाणी ताजे कसे ठेवायचे? तिने उपाय काढला तो असा, की उघड्या खिडकीशी उभे राहून रोज अर्धा ते पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. प्रवाळ जगले आणि त्यांना पिल्लेही झाली. शास्त्राच्या इतिहासात थिनबाईंचे नाव आता मानाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र ओतण्याचे काम बाई स्वतः करत नव्हत्या. ते त्यांच्या मोलकरणीकडे होते. तिचे नाव कथनात येत नाही. खिडकीशी उभी राहून, पदरात काही न पडता, समुद्र ओतत राहणारी ही बाई आमच्या मनातून जात नाही. घरातल्या पाण्याचा इतिहास लिहायचा तर त्याचे पहिले पान तिचे.

गॉसने पुढचे पाऊल टाकले. समुद्राचे पाणी आणायचेच कशाला, घरीच का करू नये? त्यासाठी त्याने आधार घेतला तो श्वाइट्झर या रसायनज्ञाने १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या, ब्रायटनजवळच्या समुद्रपाण्याच्या पृथक्करणाचा. त्यावरून काढलेली त्याची कृती एखाद्या पाककृतीसारखी आहे: साधे मीठ साडेतीन औंस, एप्सम मीठ पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराईड २०० ग्रेन, पोटॅशियम क्लोराईड ४० ग्रेन, आणि चार क्वार्टपेक्षा किंचित कमी पाणी, म्हणजे सुमारे साडेचार लिटर. एप्रिल १८५४ मध्ये त्याने हे मिश्रण केले, त्यात समुद्रवनस्पती आणि लहान जीव सोडले, आणि ते तगले. ज्याला समुद्र दिसत नाही अशा माणसाला समुद्र मिळण्याची सोय त्या दिवशी झाली. (ब्रायटनचे नाव मराठी माणसाला वेगळ्या कारणाने परिचित आहे. समुद्राला उद्देशून असलेली सावरकरांची प्रसिद्ध कविता याच किनाऱ्यावर १९०९ साली रचली गेली. एका किनाऱ्याचे पाणी एकाने क्षारांत मोजले, दुसऱ्याने वियोगात. त्यातून निष्कर्ष काढण्याचा मोह आम्ही टाळतो.)

ही कृती साधली ती समुद्राच्या एका स्वभावामुळे. पाणी कमी-अधिक खारे असले तरी त्यातल्या मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळपास सारखेच राहते, असे मार्सेने १८१९ साली सुचवले होते. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून डिटमारने १८८४ साली ते पक्के केले. प्रमाण स्थिर आहे, म्हणूनच समुद्र कोरडा करून पिशवीत भरता येतो आणि गोड्या पाण्यात पुन्हा उलगडता येतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत असे तयार क्षारमिश्रण हौशी लोकांसाठी विकले जाऊ लागले, आणि आज मुंबई-पुण्याच्या दुकानांतून जी मिठाची बादली येते ती त्याच कुळातली. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, त्यात सुमारे चार पंचमांश साधे मीठ, आणि उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट यांचा तो काटेकोर संसार.

हा संसार किती काटेकोर, हे पाहायला जालनेकरांनी लांब जाऊ नये. मंठ्यापलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. तेही खारे, आणि त्यातून मीठ-सोडा काढण्याचा धंदा जुना. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त काच आणि साबण यांना लागणाऱ्या द्रव्यांसाठी त्याचा उल्लेख आहे. मग मुंबईहून बादली आणण्यापेक्षा लोणारची घागर का आणू नये? आम्ही हा प्रश्न बंधूंना गंभीरपणे विचारला होता, आणि ते हसले होते. लोणारचे पाणी सोड्याचे आहे, अतिशय अल्कधर्मी. त्याचा सामू दहाच्या आसपास, तर समुद्राचा आठच्या थोडा वर. मीठ तिथेही आहे, पण समुद्रातला मॅग्नेशियम-कॅल्शियमचा तोल नाही. समुद्रातला मासा त्यात टिकणार नाही. खारटपणा एवढ्यावरून समुद्र ओळखू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता पाणी बदलण्याविषयी. आजच्या हौशी माणसाला दर आठवड्याला दहा टक्के पाणी काढून तेवढेच नवे घालणे हा नित्यनेम वाटतो. व्हिक्टोरियन मंडळींची प्रतिष्ठा मात्र पाणी न बदलण्यात होती. वनस्पती प्राणवायू देतील, प्राणी त्यांना खत देतील, आणि तोल साधला की तेच पाणी वर्षानुवर्षे चालेल, असा त्यांचा सिद्धान्त. वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५०च्या सुमारास तो मांडला. उडून गेलेल्या पाण्याची भर तेवढी घालायची, तीही गोड्या पाण्याने, कारण बाष्प होऊन जाते ते नुसते पाणी, क्षार मागे राहतात. हा भेद लक्षात न घेतल्याने कित्येक टाक्या दिवसेंदिवस खारट होत मेल्या असतील. अंगणात दोन पिंपे लागतात ती याच कारणाने: उडालेल्याच्या जागी गोडे, काढलेल्याच्या जागी खारे.

सार्वजनिक मत्स्यालये उभी राहू लागली तेव्हा हा तोल काचेच्या पेटीत सांभाळणे अशक्य झाले. विल्यम आल्फर्ड लॉईड या माणसाने त्यावर जो मार्ग काढला तो आम्हाला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. हॅम्बुर्गला १८६४ साली आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८७१ साली त्याने दर्शनी टाक्यांच्या खाली त्यांच्याहून कितीतरी मोठा अंधारा हौद बांधला. प्रकाश नाही म्हणून त्यात शेवाळ धरत नाही, आणि पाण्याचा साठा मोठा असल्याने त्याचे तापमान व गुण सावकाश बदलतात. पाणी पंपाने वर जायचे, टाक्यांतून वाहत पुन्हा खाली यायचे. प्रेक्षक पाहतो तो थोडासा उजेडातला भाग. खरा समुद्र त्याच्या पायाखाली, अंधारात.

हे वाचताना आम्हाला जालना आठवले, आणि ते ओढूनताणून नव्हे. या गावात काली मशीद, हमाम आणि सराई बांधणाऱ्या जमशेदखानाने गावाच्या पश्चिमेस मोती तलाव बांधला. तिथून जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांत पाणी खेळवले, त्यांतला सर्वांत मोठा हौद सराईतच होता, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. भरभराटीच्या काळात गावाला पाच तलाव होते, असेही तिथे म्हटले आहे. साठा गावाबाहेर, वाट जमिनीखाली, आणि उजेडात येतो तो हौदातला हातभर चौकोन. लॉईडला जे तळघरात करावे लागले ते इथे गावभर पसरून केले होते. पुढे निजामाच्या राजवटीत, १९३०च्या दशकात, घाणेवाडीचा जलाशय झाला. तिथून पाणी उतारानेच, पंपाविना, गावात येई. पाणी साठवण्याची अक्कल जालन्याला उसनी आणावी लागली नव्हती. ती पुढे कशी विस्मरणात गेली आणि तलावांत गाळ कसा साचू दिला, हा वेगळा आणि कडू विषय आहे.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. आमच्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या मुलांनी समुद्रातला मासा पहिल्यांदा बहुधा तिथेच, शाळेच्या सहलीत पाहिला. त्याच्या दारासमोरच समुद्र असल्याने पिशवीतल्या क्षारांची त्याला गरज नव्हती. म्हणूनच या लेखात ते ओझरतेच येते.

जालन्यातल्या घरी समुद्र करायचा तर आरंभ समुद्रापासून होत नाही, नळापासून होतो. नळाचे, बोअरचे किंवा टँकरचे पाणी थेट चालत नाही. आपल्या काळ्या खडकातले पाणी जड असते, खतांचे नायट्रेट त्यात उतरलेले असते, नळाला क्लोरीन असते, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते टँकरवालाच जाणे. म्हणून ते आधी आरओच्या पडद्यातून गाळून जवळजवळ क्षारशून्य करायचे. हे झाले ‘गोडे’ पिंप. झाकण घट्ट, सावलीत. ‘खारे’ पिंप त्याच्या शेजारी. त्यात आधी पाणी, मग थोडे थोडे मीठ, आणि तळाशी एक लहान पंप, जो रात्रभर पाणी फिरवत ठेवतो. हा क्रम चुकवून चालत नाही. बंधूंनी पहिल्याच वेळी मीठ आधी ओतले आणि त्यावर पाणी सोडले. तळाशी क्षारांची दाटी होऊन कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने बाहेर पडले, पिंप दुधासारखे पांढरे झाले, आणि तो गाळ पुन्हा काही केल्या विरघळेना. वीस लिटर पाणी आणि पाऊण किलो मीठ गेले. दुसऱ्या दिवशी खारटपणा मोजायचा, तोही पाणी टाकीइतक्याच तापमानाला आल्यावर. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ असले की पाणी तयार. मे महिन्यात पिंपातले पाणी टाकीपेक्षा तापलेले असे, तेव्हा ते पहाटे घालावे लागे. भारनियमनात पंप बंद पडू नये म्हणून बॅटरीचा जोड होता. दगडांवर जिवंत प्रवाळ ठेवण्याची बंधूंना इच्छा होती. पण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तो मोह त्यांनी आवरला. एडमंड गॉसला म्हातारपणी हीच खंत होती. वडिलांची पुस्तके वाचून जमलेल्या हौशी लोकांनी किनाऱ्यावरची ती जलकुंडे ओरबाडून ओस पाडली, असे त्याने लिहून ठेवले आहे. बाप-लेकाच्या भांडणाच्या नादात आम्ही ते पान वर्गात नेहमी घाईने उलटले.

मग २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. त्या हिवाळ्यापासून पुढच्या जूनपर्यंत जालन्याने काय पाहिले ते महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचले आहे. नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येई, घाणेवाडी आटत चालली होती, आणि गल्लीतला दिवस टँकरच्या हॉर्नने सुरू होई. अशा वेळी आम्ही सुट्टीत गेलो असता वहिनींनी पाटीवर एक हिशेब मांडून ठेवला होता. आठवड्याला बदलायचे पाणी वीस लिटर. उन्हाळ्यात उडून जाणारे, रोजचे साडेतीन धरून, पंचवीस. एकूण पंचेचाळीस. आरओ एक लिटर गाळताना तीन बाहेर टाकतो, म्हणजे आणखी एकशे पस्तीस. बेरीज एकशे ऐंशी.

“भावजी, दर आठवड्याला एक पिंप,” त्या म्हणाल्या, “आणि पिंप कोण भरतं ते विचारा तुमच्या दादांना.”

बंधूंचे म्हणणे असे, की ते एकशे पस्तीस वाया जात नाही, भांडी आणि फरशी त्यावरच होते. ते खरे होते. पण ते पाणी नळीपासून मोरीपर्यंत कळशीने वाहून नेत होत्या वहिनी, आणि टँकरच्या रांगेतही त्याच उभ्या राहत होत्या. लंडनच्या खिडकीशी उभी असलेली ती निनावी बाई आमच्या डोळ्यांपुढे आली ती त्या संध्याकाळी. तोवर तिची गोष्ट आम्ही एक मौज म्हणून सांगत असू.

काही आठवडे बंधूंनी व्हिक्टोरियन तोडगा करून पाहिला: पाणी बदलायचे नाही, फक्त भर घालायची. टाकीवर काच झाकली, खाणे कमी केले. पण मासे प्राणवायूवर आणि सिद्धान्तावर जगत नाहीत. नायट्रेट चढत गेले, झाकणामुळे पाणी तापू लागले, आणि एक मासा खाईनासा झाला. एप्रिल २०१३ मध्ये दोन्ही मासे, दगडांसकट, पुण्याच्या एका परिचितांकडे रात्रीच्या बसने गेले. दादांनी त्यांना ‘खाऱ्या’ पिंपातल्या शेवटच्या पाण्यात, झाकणाच्या बादलीत नेले. वाटेत ते दर तासाला पेल्याने पाणी वर उचलून पुन्हा बादलीत ओतत होते.

मागे उरले टाकीतले खारे पाणी, आणि ते कुठे टाकायचे हा प्रश्न. त्या उन्हाळ्यात आंघोळीचे पाणी लिंबाला जात होते, तांदळाचे धुवण तुळशीला. घरात सांडपाणी असे काही उरलेच नव्हते. हे दीडशे-पावणेदोनशे लिटर मात्र कशालाच चालेना. झाडाला घालावे तर झाड मरेल, फरशीला वापरावे तर चिकचिक, आणि कोरड्या पडलेल्या गटारात ओतावे तर ते तिथेच साचून जमिनीत मुरेल, शेजाऱ्याच्या बोअरपाशी. अखेर गच्चीवर विटांची कड करून त्यावर ताडपत्री पसरली आणि कळशीने पाणी वर नेले. या वेळी कळश्या बंधूंनी आणि आम्ही वाहिल्या. मराठवाड्याच्या उन्हाने पाच-सहा दिवसांत काम केले. जालन्यातल्या एका गच्चीवर मिठागर तयार झाले. गल्लीतली मुले ते पाहायला जिना चढून येत.

खरवडून सुमारे सहा किलो क्षार निघाले. ते खाण्याचे नव्हेत, विकण्याचे नव्हेत. वहिनींनी ते दुहेरी पिशवीत भरून माळ्यावर ठेवले. त्यात मॅग्नेशियम असल्याने ते कधी पुरते कोरडे होत नाहीत, आणि हवा जराशी ओलसर झाली की पाझरू लागतात. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस पडण्याच्या दोन दिवस आधी पिशवीखाली पाण्याचा डाग दिसला होता.

पिंपे दोन्ही अंगणात आहेत, पन्हाळीखाली. पावसाचे पाणी दोन्हीत धरले जाते. एकावरचे ‘गोडे’ केव्हाच पुसले गेले. दुसऱ्यावरचे ‘खारे’ बंधूंनी नंतर तेलरंगाने ठळक केले होते, ते तसेच आहे. नवा पाहुणा त्यातून तांब्या भरण्याआधी एकदा वहिनींकडे पाहतो.